इंग्रजीचा वळसा न घेता ब्रागाला

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. त्यांचे पती वर्षभरापासून उत्तर पोर्तुगालमधील ब्रागा शहरात एका गोदामात नोकरी करतात. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की त्या स्वतः आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा तिकडे जाणार आहेत, म्हणजे हाताशी चार महिने आहेत. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवरून त्या दोन महिने पोर्तुगीज शिकत आहेत; पण पतीने एकदा फोनवर शेजारच्या आजींना बोलते केले, तेव्हा त्यांना एकही शब्द उमगला नाही. पतीचे म्हणणे असे की तिथे इंग्रजीवर भागते, उगाच डोक्याला ताप नको. बाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: चार महिन्यांत नेमके काय शिकावे, तिथे करमेल का, आणि मुलाचे मराठी टिकेल का.

मी 26 वर्षे पणजीत पोर्तुगीज शिकवते आणि त्याआधी तीन वर्षे पोर्तुगालमधील कोइंब्राला शिकायला होते. माझे मत आधीच सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मराठी माणसाला पोर्तुगीज अवघड जाते याचे मोठे कारण हे, की तो ती इंग्रजीच्या वाटेने शिकतो. डिचोलीहून पणजीला जायचे आणि वाटेत मडगाव करायचे, असा हा प्रकार आहे. अ‍ॅप पोर्तुगीज वाक्याचा अर्थ इंग्रजीत सांगते, तुम्ही तो मनातल्या मनात मराठीत आणता, आणि बोलायची वेळ आली की हीच यातायात उलट्या दिशेने करता. तोवर समोरचा माणूस कंटाळून इंग्रजीत बोलू लागलेला असतो. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात. व्याकरण तुमच्या हाताखालचे आहे. ते वापरा.

शेजारच्या आजींचे बोलणे कळले नाही यात तुमचा दोष थोडा आणि अ‍ॅपचा अधिक आहे. बहुतेक अ‍ॅप ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. ब्राझीलचा माणूस स्वर मोकळे सोडतो आणि शब्द तोंडभर उच्चारतो. पोर्तुगालचा माणूस आघात नसलेले स्वर गिळून टाकतो. कागदावर ‘देस्कुल्पे’ असे दिसणारे क्षमायाचनेचे क्रियापद त्याच्या तोंडून ‘द्श्कूल्प’ असे बाहेर पडते, ‘पेकेनो’चे ‘प्केनु’ होते आणि ‘टेलिफोने’चे ‘त्लफॉन’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा अन्याय वाटतो. आपल्याला तसा वाटण्याचे कारण नाही. आपण ‘करमत नाही’ असे लिहितो, त्यात ‘र’ला आणि ‘त’ला पूर्ण अकार असतो, वाचताना मात्र कोणीही ‘कर्मत् नाही’ असेच म्हणतो, आणि पहिलीच्या मुलाने प्रत्येक अक्षर सुटे वाचले तर तुम्ही त्याला सावकाश ‘जोडून वाच’ म्हणता. कोणता अकार म्हणायचा आणि कोणता गाळायचा हे आपण कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. पोर्तुगालमध्ये हेच ‘ए’ आणि ‘ओ’ यांच्या बाबतीत होते, इतकेच. विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात लिखित शब्द दाखवतच नाही. आधी कानाने ‘द्श्कूल्प’ ऐकायचे, देवनागरीत तसेच लिहायचे, आणि मग पोर्तुगीज वर्णलेखन पाहायचे. शब्दाच्या शेवटचा ‘स’ तिथे ‘श’ होतो, हेही या रीतीने आपोआप कानात बसते. ब्रागाकडे आणखी एक गोष्ट आढळेल: उत्तरेच्या बोलीत ‘व’चा ‘ब’ होतो, त्यामुळे वीस या अर्थाचा ‘वींत’ तिथल्या बाजारात ‘बींत’ असाही ऐकू येतो.

उच्चारांत आपली बाजू एरवी भक्कम आहे. इंग्रजी माणसाच्या ‘ट’सारख्या ‘त’ने आणि फुंकर मारलेल्या ‘प’ने पोर्तुगीज कान दुखावतो, आपले त, द, प, क जसेच्या तसे चालतात. मराठी माणूस अडखळतो तो नासिक्य स्वरांवर. ‘पाव’ हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण येताना त्याने नाकातला स्वर सोडून दिला. मूळ शब्द ‘पाउं’ असा आहे, आणि अनुनासिक गाळून पावाच्या दुकानात ‘पाऊ’ मागितला तर त्याचा अर्थ काठी किंवा लाकूड असा होतो (त्याला एक अश्लील अर्थही आहे, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे). हाच स्वर ‘बाल्कांव’ या शब्दात गोवेकरांनी मात्र टिकवून ठेवला आहे. तेव्हा रोज सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पदेराकडून पाव घेताना मनात ‘बाल्कांव’ म्हणा आणि मग ‘पाउं’ म्हणा. पंधरा दिवसांत जमते. आजोबा ‘अवो’ आणि आजी ‘अवॉ’ यांतला मिटलेला आणि उघडा ‘ओ’ही असाच घोटून घ्यावा लागतो, नाहीतर शेजारच्या आजींची चौकशी करताना तुम्ही त्यांना आजोबा कराल.

गोव्यातून जाणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो, की पोर्तुगीज आपल्या घरचीच आहे. तुमच्या-माझ्या घरांच्या बाबतीत तर ते अर्धेही खरे नाही. तिसवाडी, बार्देश, सासष्टी यांवर पोर्तुगीज सत्ता 16व्या शतकापासून होती. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा हे महाल 18व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेले, आणि तिथली हिंदू घरे पोथ्यांना, कीर्तनाला आणि हिशेबाला मराठीच वापरत राहिली. माझ्या आजोबांना पोर्तुगीज येत असे ती कचेरीपुरती; घरात त्या भाषेतले होते ते पेटीतले खरेदीखत. 1961 नंतर तर ती व्यवहारातून झपाट्याने गेली. 1900 मध्ये सुरू झालेले ‘ओ हेराल्दो’ हे पोर्तुगीज दैनिकसुद्धा 1983 मध्ये इंग्रजी झाले. म्हणून वारशाच्या भरवशावर राहू नका. शब्दांचा साठा मात्र खरोखर आपल्याकडे आहे, आणि तो अनेकांना वाटतो त्याहून मोठा आहे: चावी, साबण, बादली, घमेले, परात, कोबी, बटाटा, अननस, काजू, पगार, लिलाव, बिजागरी, नाताळ, शिवाय गोव्याच्या घरात जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची), मेज (टेबल), कुलेर (चमचा), कोप (पेला), साल (दिवाणखाना), बुराक (भोक) आणि पावसाळ्याआधी भरून ठेवायचे पुरुमेंत, म्हणजे बेगमी. आसगावचे धर्मगुरू मोन्सिञोर दाल्गादो यांनी आशियाई भाषांत गेलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा कोशवजा ग्रंथ 1913 मध्ये प्रसिद्ध केला, तो या विषयात आजही पायाभूत मानला जातो.

हे शब्द कामी येतात, पण सगळेच इमानी नाहीत. ‘बाल्कांव’चेच घ्या. आपल्याला त्या शब्दासरशी घरापुढची दगडी सोपे (बसायचे कट्टे) असलेली पडवी आणि संध्याकाळच्या गप्पा दिसतात. पोर्तुगालमध्ये ‘बालकाउं’ म्हणजे कचेरीची खिडकी, काउंटर. तिथे बसत नाहीत, उभे राहतात, आणि आधी दाराजवळच्या यंत्रातून ‘सेञ’ म्हणजे क्रमांकाची चिठ्ठी घेतात. ‘पगार’ तिथे मिळत नाही, तो द्यावा लागतो, कारण ते ‘पैसे देणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. ‘तुरुंग’ ज्या शब्दावरून आला, तो ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचे खोड. इंग्रजीची वाट धरणाऱ्यांसाठी तर याहून मोठे खड्डे आहेत. कोइंब्रात पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या दारावर ‘पूश’ असा उच्चारला जाणारा शब्द वाचून मी दार जोर लावून ढकलत राहिले, ते हलेना. मागून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात पुढे करून दार अलगद स्वतःकडे ओढले आणि ‘पूश’ असे म्हणून माझ्याकडे दयेने पाहिले. पोर्तुगीजमध्ये ‘पूश’ म्हणजे ओढा.

आता माणसांना हाक कशी मारावी, याकडे येते. अ‍ॅपने तुम्हाला सर्वांत चुकीचे शिकवलेले असेल ते इथे. अ‍ॅपचे ‘वोसे’ ब्राझीलमध्ये सर्रास चालते. पोर्तुगालमध्ये ते अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर म्हटले तर कित्येकांना खटकते. ‘तू’ हे मात्र तिथेही ‘तू’च आहे, अगदी त्याच उच्चाराचे, आणि ते मुले, मित्र, घरचे यांच्यापुरते. मग शेजारच्या आजींना काय म्हणायचे? इंग्रजीकडे याचे उत्तर नाही, मराठीकडे आहे. आपण गुरुजींना ‘तुम्ही चहा घेता का’ असे न विचारता ‘गुरुजींनी चहा घेतला का’ असे समोरच विचारतो, पाहुण्यांना ‘रावसाहेबांनी इकडे बसावे’ असे म्हणतो. पोर्तुगीज आदर नेमका असाच तृतीय पुरुषात चालतो. ‘अ सिञॉर केर काफॅ?’ याचा शब्दशः अर्थ ‘बाईंना कॉफी हवी का’ असा होतो आणि तो बाईंनाच विचारलेला असतो. सर्वनाम सुचले नाही तर ते गाळून नुसते तृतीय पुरुषी क्रियापद वापरले तरी सभ्यपणा राहतो. इथे कोंकणीची सवय जपून ठेवा. आपण गोव्यात वडीलधाऱ्यांनाही प्रेमाने ‘तूं’ म्हणतो, ते तिथे पहिल्या भेटीत चालणार नाही.

अशा आणखी काही जागा आहेत, जिथे मराठी थेट पोर्तुगीजशी हात मिळवते. आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो आणि स्त्री ‘ओब्रिगाद’. बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलतो हे इंग्रजीवाल्यांना महिनाभर समजावून सांगावे लागते, ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ म्हणणाऱ्याला ते एका वाक्यात कळते. आठवडा या शब्दात आपण सात दिवसांना आठ म्हणतो. पोर्तुगीज माणूसही पुढच्या आठवड्याला ‘दकी अ ओइतु दीअश’, म्हणजे आठ दिवसांनी, असेच म्हणतो, आणि पंधरवड्याला ‘कींझ दीअश’, पंधरा दिवस. कसे काय चालले आहे असे विचारले तर ब्रागाच्या आजी ‘वाय-स अंदांदु’ म्हणतील. याला ‘चाललंय आपलं’ याहून नेमका प्रतिशब्द मी कुठल्याही भाषेत पाहिलेला नाही, आणि सूरही तोच, किंचित कण्हण्याचा. ‘सेर’ आणि ‘श्तार’ या ‘असणे’च्या दोन क्रियापदांची सगळे धास्ती घेतात. ‘बर्फ थंड असतो’ आणि ‘पाणी थंड आहे’ या दोन वाक्यांतला फरक ज्याला जाणवतो, त्याचा अर्धा रस्ता झाला: पहिल्यात स्वभाव आहे आणि तिथे ‘सेर’, दुसऱ्यात आत्ताची स्थिती आणि तिथे ‘श्तार’. पण हा पूल शेवटपर्यंत जात नाही. ‘मी गोव्याची आहे’ यात आपण ‘आहे’ म्हणतो, तरी पोर्तुगीजमध्ये तिथे ‘सेर’च लागते, कारण गाव बदलत नाही.

पूल कुठे तुटतो हेही लक्षात ठेवावे लागेल. मराठीत नपुंसकलिंग आहे, तिथे नाही; घर, पुस्तक, दूध यांना पुल्लिंग-स्त्रीलिंगात नव्याने वाटून द्यावे लागते आणि त्याला पाठांतराखेरीज उपाय नाही. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या ‘उ’ किंवा ‘अ’ या उपपदासह पाठ करा, नुसते कधीही नको. ‘मला आवडते’, ‘मला भूक लागली’ अशी आपली ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये तिथे ‘मी’ने सुरू होतात आणि भूक, ताप, थंडी या गोष्टी आपल्याजवळ असतात, आपल्याला लागत नाहीत. अपवाद दुखण्याचा: ‘डॉय-म अ कबेस’ म्हणजे ‘डोके मला दुखते’, आणि तिथे आपले ‘मला’ पुन्हा भेटते. क्रियापदांची रूपे पुष्कळ आहेत. चार महिन्यांत वर्तमानकाळ, साधा भूतकाळ आणि ‘मी जाणार आहे’ या धर्तीचे भविष्य एवढेच पक्के करा. बाकीचे तिथे शेजारी शिकवतील.

तर या चार महिन्यांत काय करावे? ब्राझीलचे अ‍ॅप बंद करा, अथवा शब्दांसाठी ठेवायचे असेल तर एवढे जाणून ठेवा, की त्यातली बस, आगगाडी, न्याहारी, मोबाइल हे रोजचे शब्द पोर्तुगालमध्ये वेगळे आहेत: ‘औतुकार्रु’, ‘कोंबॉयु’, ‘प्केनु-आल्मोसु’, ‘त्लमॉवेल’. पोर्तुगालच्या आर.टी.पी. या सरकारी प्रसारण संस्थेचे कार्यक्रम मोबाइलवर मिळतात. त्यातील हवामानाचे वृत्त निवडा, कारण त्यात रोज तेच शब्द येतात. एक मिनिटाचा तुकडा घ्या, तोच दिवसभरात दहा वेळा ऐका, भाकऱ्या करताना ऐका, आणि रात्री त्या तुकड्यासोबत बोलण्याचा प्रयत्न करा. माझ्या अनुभवात रोज नवा धडा घेणाऱ्यापेक्षा आठवडाभर तोच तुकडा घोटणारा विद्यार्थी लवकर कानाने पकडू लागतो. पणजीत कामोंइश संस्थेचे पोर्तुगीज भाषा केंद्र आहे. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी तासाभराच्या बसचा त्रास सोसून शिकवणीला आलात तर निदान जिवंत माणसाशी बोलण्याची भीती इथेच चेपते.

आकड्यांसाठी मात्र वेगळा वेळ काढा. भाषा येते असे म्हणणारी माणसेही तिथे आकड्यांवर हरतात, कारण भाव, वेळ, फोन नंबर हे सगळे झरकन सांगितले जाते आणि साठ व सत्तर, ‘ससेंत’ आणि ‘सतेंत’, कानाला सारखेच वाटतात. वारांचीही तीच गत. तिथे सोमवार हा ‘सगुंद’ म्हणजे दुसरा, मंगळवार तिसरा, बुधवार चौथा. मोजणी रविवारपासून चालते. मला एका कचेरीत ‘क्वार्त’ला, म्हणजे चौथ्या दिवशी, यायला सांगितले होते. मी सोमवारपासून बोटे मोजली, गुरुवारी ऐटीत जाऊन उभी राहिले आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची घेऊन परतले. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच युक्ती सांगते: पोर्तुगीज आकड्यातून एक वजा करा आणि मग सोमवारपासून मोजा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण नियम बदलत असतात आणि ते सरकारी कार्यालयातूनच घ्यावेत. 2023 च्या ऑक्टोबरपासून परकीयांचे काम ‘आयमा’ या यंत्रणेकडे आहे. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून ‘सेफ’ हे आधीच्या खात्याचे नाव येते. ‘नीफ’ हा कर क्रमांक तिथे पावलोपावली विचारतात, दुकानात बिल करतानासुद्धा, म्हणून तो पाढ्यासारखा पाठ हवा. रहिवासाचा दाखला ‘झुंत द फ्रेगेझिया’ देते, ती साधारण आपल्या पंचायतीसारखी समजा. पत्ता लिहिताना ‘तिसरा मजला, डावीकडे’ एवढे लिहिले की पुरते. इमारतीच्या दारावरच्या घंट्यांवर बहुधा नावे नसतात, मजला आणि ‘श्केर्दु’ की ‘दिरैतु’, डावे की उजवे, एवढेच असते. पुढे नागरिकत्वाकडे जायचे मनात असेल तर ए-2 या प्राथमिक पातळीच्या भाषेचा दाखला लागतो आणि ‘सिप्ल’ ही परीक्षा त्यासाठीच असते. ती जमेल. आत्ता तिच्यासाठी अभ्यास करू नका.

पतीच्या म्हणण्यात तथ्य आहे. पोर्तुगालमधील तरुण लोक इंग्रजी चांगले बोलतात आणि गोदामात त्यावर भागत असेल. पण ज्या जागांशी तुमचा संबंध येणार आहे त्या निराळ्या आहेत: आरोग्य केंद्राची खिडकी, शाळेतली पालकसभा, भाजीवाली, जिन्यात भेटणाऱ्या आजी. शिवाय इंग्रजीचा खरा धोका असा, की समोरचा माणूस सौजन्य म्हणून इंग्रजीकडे वळतो, तुम्हीही सुटलो म्हणून वळता, आणि पाच वर्षांनी तुम्ही त्या गावात पर्यटकच असता. यावर उपाय एक वाक्य आहे आणि ते विमानात बसण्याआधी झोपेतही म्हणता आले पाहिजे: ‘पुदेमुश फलार पुर्तुगेश? श्तो अ अप्रेंदेर.’ आपण पोर्तुगीजमध्ये बोलू या का, मी शिकते आहे. हे ऐकून तोंड फिरवणारा माणूस मला तीन वर्षांत क्वचितच भेटला.

रीतीभाती फार नाहीत, पण त्यांना मुरड घालता येत नाही. दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे बसलेल्या अनोळखी माणसांतसुद्धा शिरताना ‘बों दीअ’ म्हणायचे आणि दुपारच्या जेवणानंतर ‘बोअ तार्द’. न म्हणता थेट काम सांगणे हे तिथे उद्धटपणाचे लक्षण आहे, आणि आपली माणसे नेमकी इथे चुकतात, कारण आपल्याकडे नुसते हसून मान हलवली की झाले. बोलताना समोरचा सारखे ‘पोइश, पोइश’ म्हणेल. ते होकार नसून आपल्या ‘हं, हं’सारखे ऐकत असल्याची खूण आहे, तेव्हा त्यावर विसंबून घरभाड्याचा व्यवहार ठरला असे मानू नका.

तुम्ही मासे खाता, पण गाय आणि डुक्कर खात नाही असे लिहिले आहे. मग ‘मांस नको’ एवढे सांगून भागणार नाही. मी एकदा बिनमांसाचे सँडविच मागितले आणि त्यात गुलाबी चकत्या निघाल्या. विचारल्यावर उत्तर मिळाले, हे मांस नव्हे, हे ‘फियांब्र’. ती डुकराच्या मांसाची शिजवलेली चकती असते. ‘काल्दु वेर्द’ हे हिरव्या पानांचे सूप निर्मळ दिसते, पण त्यात ‘शोरीसु’ची, म्हणजे आपल्या चोरिसाच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) मूळ पुरुषाची, फोड तरंगत असते. म्हणून प्राण्याचे नाव घेऊन सांगा: ‘नाउं कोमु कार्न द वाक नैं द पोर्कु’, आणि वर ‘सैं शोरीसु, सैं फियांब्र’ अशी पुस्ती जोडा. मासळीची मात्र चैन आहे. जूनमध्ये सांजांव या सणाच्या सुमारास रस्त्यावर निखाऱ्यांवर तारल्या भाजतात तेव्हा गोवेकराचे पाय आपोआप थांबतात. हॉटेलात न मागता टेबलावर ठेवलेले पाव, लोणी आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा.

आता करमण्याबद्दल. पहिला महिना नवलाईत जातो. अवघड असतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ, आणि याचे कारण निम्मे हवामानात आहे. आपला पाऊस जून ते सप्टेंबरचा, त्यांचा थंडीतला. ब्रागात तो भरपूर पडतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जुनी घरे आतून बाहेरपेक्षा गार लागतात, भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. गोव्याहून गेलेल्या बाईला वाटते की आपल्याला घराची आठवण येते आहे म्हणून अंगात त्राण नाही. प्रत्यक्षात ती थंड ओल्या खोलीत एकटी बसलेली असते. तेव्हा दोन गोष्टी पैसे खर्चून करा: ओल शोषणारे यंत्र घ्या आणि जाड गोधड्या इथून न्या. तिसरी बिनपैशाची आहे. रोज सकाळी मुलाला शाळेत सोडल्यावर परत घरी न येता त्याच एका कॅफेत त्याच वेळी जाऊन उभ्याने कॉफी घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही न सांगता कॉफी पुढे येते, आणि त्या गावात तुम्हाला ओळखणारे एक माणूस झालेले असते. मराठी किंवा गोव्याची मंडळी रविवारी जमत असतील तर अवश्य जा, पण आठवड्याचे सातही दिवस त्यांच्यातच काढलेत तर पोर्तुगीज विसरा.

मुलाची काळजी तुम्ही करता त्यापेक्षा कमी करावी आणि वेगळ्या ठिकाणी करावी. सात वर्षांचा मुलगा सरकारी शाळेत बहुधा दुसरीत बसेल, परभाषिक मुलांसाठी पोर्तुगीजचे स्वतंत्र साहाय्य असते, आणि 2017 च्या कायद्याने सरकारी भोजनगृहांत शाकाहारी पर्याय ठेवावाच लागतो, तो आधी लिहून मागायचा. लसीकरणाचे पुस्तक हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. सुरुवातीला तो वर्गात कित्येक आठवडे, कदाचित काही महिने, एकही शब्द बोलणार नाही. तो साठवत असतो. त्याला घरी येऊन ‘आज काय शिकलास, म्हणून दाखव’ असे विचारू नका. मग एके दिवशी तो तुमच्यापेक्षा चांगले बोलू लागेल आणि तेव्हा तुमची परीक्षा आहे. बँकेत, दवाखान्यात त्याला दुभाषा म्हणून पुढे करण्याचा मोह होईल. तो टाळा. आईवडिलांचे आजार आणि पैसे मुलाच्या तोंडून बोलले जाऊ लागले की घरातली वडीलधाऱ्यांची जागा हलते. अशी घरे मी पाहिली आहेत.

त्याचे मराठी बोलण्याने टिकेल, पण वाचण्याने वाढेल. घरात पोर्तुगीजचा सराव म्हणून त्याच्याशी मोडकेतोडके पोर्तुगीज बोलू नका. त्याला चांगले पोर्तुगीज शाळेत ऐकायला मिळते आणि चांगले मराठी फक्त तुमच्याकडे आहे. दुसरी ते चौथीची मराठीची पाठ्यपुस्तके न्या, आणि आजीला आठवड्याला एक पत्र, चार ओळींचे का होईना, त्याच्या हाताने लिहून घ्या. भावंडाशी किंवा मित्राशी तो पोर्तुगीजमध्ये भांडू लागला तर वाईट वाटून घेऊ नका, भांडण नेहमी शाळेच्याच भाषेत होते.

राहता राहिली चवथ. तिथल्या शाळा सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतात आणि चवथ कधी ऑगस्टच्या अखेरीस, कधी त्याच सुमारास येते. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधून, विसर्जन करून निघावे असे तुम्हाला वाटते ते मी समजू शकते, पण शाळेचा पहिला दिवस चुकत असेल तर मी आधी जाईन. पहिल्या दिवशी सगळीच मुले नवी असतात. दहा दिवसांनी एकटा तुमचा मुलगा नवा असेल. आईशी फोनवर बोलण्याची वेळही आतापासून ठरवून घ्या, कारण रात्री जेवणे आटोपून निवांत बोलू म्हणाल तर डिचोलीत मध्यरात्र उलटलेली असेल. तुमच्या दुपारच्या बाराला फोन करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेव्हा इथे साडेचार वाजलेले असतात, आणि त्यानंतर मार्च अखेरपर्यंत साडेपाच, म्हणजे दिवेलागणीच्या थोडे आधी.